पथदिवे, एलईडी (नवीन पनवेल)

रस्त्यांवरील सोडियम व्हेपर दिव्यांच्या जागी कमी विजेचे एलईडी दिवे बसवण्याचे काम. नवीन पनवेल ही सिडकोने (स्थापना १९७०) पनवेल रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस वसवलेली वसाहत. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि वसाहत तिच्या हद्दीत आली. नागरी सेवांचे हस्तांतरण मात्र टप्प्याटप्प्याने झाले. त्या काळातील सेवाशुल्क व मालमत्ता कराचा वाद न्यायालयात गेला.

राष्ट्रीय कार्यक्रम : प्रारंभ ५ जानेवारी २०१५. ईईएसएल या सरकारी कंपनीने भांडवल घालायचे आणि स्थानिक संस्थेने वीजबिलातील बचतीतून ते फेडायचे, अशी योजना.

विजेचा हिशेब : २५० वॉटचा सोडियम दिवा चोकसह सुमारे २८० वॉट घेतो. त्याजागी १२० वॉटचा एलईडी दिवा लावल्यास, वर्षाला ४,००० तास धरून, १,१२० युनिटऐवजी ४८० युनिट पुरतात. पनवेलला जूनमध्ये रात्र पावणेअकरा तासांची, तर डिसेंबरमध्ये तेरा तासांची असते. त्यामुळे ठरावीक वेळेच्या टायमरने दिवे उजेडातही जळत राहतात. सूर्यास्ताची वेळ रोज बदलून घेणारा टायमर बसवल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

टिकाऊपणा : जाहिरातीत सांगितले जाणारे ५०,००० तास डायोडचे असतात. बंद पडलेला दिवा खाली उतरवून उघडला, तर बहुधा डायोड शाबूत आणि ड्रायव्हरमधला (डायोडला योग्य वीज पुरवणाऱ्या परिपथातला) कपॅसिटर फुगलेला आढळतो. कोकणातला दमट पावसाळा, जुनी होत गेलेली रबरी सील आणि विजांच्या कडकडाटात तारांतून येणारा जादा दाब ही त्याची नेहमीची कारणे. म्हणून सर्ज संरक्षक आणि पाणी रोखणारे आवरण यांना निविदेत वॉटइतकेच महत्त्व हवे. फिडर पिलरमधील (दिव्यांना वीज वाटणाऱ्या रस्त्याकडेच्या पेटीतील) अर्थिंग पावसाळ्याआधी तपासणे तितकेच आवश्यक आहे.

प्रकाशाची प्रत : सोडियमच्या पिवळ्या उजेडात (सुमारे २,००० केल्विन) वाहनाचा रंग ओळखू येत नाही, एलईडीत येतो. मात्र फार पांढरा, निळसर प्रकाश झोपेला बाधक ठरतो, म्हणून अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये ३,००० केल्विनच्या मर्यादेची शिफारस केली. खिडक्यांलगतच्या सेक्टर रस्त्यांवर ती पाळणे योग्य.

वीजपुरवठा : महावितरणचा, पथदिव्यांसाठी स्वतंत्र दरवर्ग.

देखभाल : दिव्यांच्या खरेदीपेक्षा देखभालीचा करार निर्णायक ठरतो. ड्रायव्हर बदलून देण्याची मुदत आणि उशिराचा दंड त्यात लिहिलेला नसेल, तर बंद दिव्याने वाचवलेली वीजही बचतीच्या खात्यात जमा दाखवली जाऊ शकते.