नॅनोमीटरचा झोत : त्सुकुबाच्या चाचणी त्वरकाचा इतिहास

जपानच्या इबाराकी प्रांतातील त्सुकुबा या विज्ञाननगरीत ‘केईके’ ही उच्च ऊर्जा भौतिकीची राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या आवारातील ‘ॲक्सिलरेटर टेस्ट फॅसिलिटी’, म्हणजेच एटीएफ, हा त्वरक नवे मूलकण शोधण्यासाठी बांधलेला नाही. भविष्यातील मोठ्या रेषीय टक्करयंत्राला लागणारा इलेक्ट्रॉनांचा अतिबारीक झोत तयार करता येतो की नाही आणि तो तयार झाल्याची खात्री कशी करायची, हे दोन प्रश्न सोडवण्यासाठी तो उभारला गेला. या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली होती. झोत बारीक करायचा तर चुंबकांची जुळणी सतत सुधारावी लागते आणि प्रत्येक सुधारणेचा परिणाम मोजता आला तरच पुढची सुधारणा शक्य होते. त्यामुळे एटीएफचा इतिहास हा बराचसा मापनयंत्रांचा इतिहास आहे.

अशा प्रयोगशाळेची गरज वर्तुळाकार त्वरकांच्या एका मर्यादेतून निर्माण झाली. वेगवान इलेक्ट्रॉन वळवला की तो सिंक्रोट्रॉन प्रारणाच्या रूपाने ऊर्जा गमावतो. वर्तुळाची त्रिज्या तीच ठेवून इलेक्ट्रॉनाची ऊर्जा दुप्पट केली, तर प्रत्येक फेरीतील ही हानी सोळापट होते. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेने १९८९ मध्ये सुरू केलेल्या ‘लेप’ या यंत्राचे वर्तुळ २७ किलोमीटरचे होते. याहून बरेच पुढे जायचे तर वळण टाळून सरळ रेषेत कण धावडवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. मात्र वर्तुळात तेच कण पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात, तर रेषीय यंत्रात त्यांना टक्कर देण्याची एकच संधी मिळते. त्या एका संधीत पुरेशा टकरी घडवायच्या तर टक्करबिंदूवर झोताचा छेद अत्यंत लहान हवा. तो सर्व बाजूंनी सारखा लहान केला, तर समोरच्या झोताच्या विद्युत्‌क्षेत्रामुळे कण जास्त प्रारण सोडतात. म्हणून झोत पट्टीसारखा चपटा ठेवतात आणि त्याची उंची काही नॅनोमीटरपर्यंत खाली आणतात.

कॅलिफोर्नियातील स्लॅक प्रयोगशाळेच्या रेषीय टक्करयंत्राने ही पद्धत प्रथम वापरात आणली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या झोताची उंची एका मायक्रोमीटरच्या खाली गेली होती. पुढच्या पिढीच्या यंत्राला याच्या शंभराव्या हिश्शाइतका झोत हवा होता. त्याची पहिली मोठी चाचणीही स्लॅकमध्येच ‘फायनल फोकस टेस्ट बीम’ या प्रकल्पात झाली. या प्रकल्पात जपान, रशिया, जर्मनी आणि फ्रान्समधील संस्था सहभागी होत्या. सुमारे ४७ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा झोत ६० नॅनोमीटरपर्यंत केंद्रित करण्याचे उद्दिष्ट होते. इतका बारीक झोत मोजायचा कसा, हा प्रश्न मात्र आधी सोडवावा लागला. तोवर झोताच्या वाटेत मायक्रोमीटर जाडीची तार किंवा तंतू आडवा सरकवून, त्यातून उडणाऱ्या कणांच्या संख्येवरून झोताची जाडी काढत असत. नॅनोमीटरच्या मापनाला अशी तार फार जाड पडते, आणि इतका दाट झोत तिच्यावर पडला तर ती टिकतही नाही.

उत्तर केईकेतील त्सुमोरू शिंताके यांनी सुचवले आणि १९९२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. एकाच लेझरचा प्रकाश दोन भागांत विभागून ते समोरासमोरून एकमेकांवर सोडले, की छेदाच्या जागी उजेड-अंधाराचे अत्यंत बारीक व्यतिकरण पट्टे तयार होतात. इलेक्ट्रॉन झोत या पट्ट्यांमधून जाताना इलेक्ट्रॉन प्रकाशकणांना धडकतात आणि गॅमा किरण बाहेर पडतात. झोत पट्ट्यांहून पुष्कळ बारीक असेल, तर उजळ पट्ट्यावर भरपूर गॅमा किरण मिळतात आणि अंधाऱ्या पट्ट्यावर जवळजवळ मिळत नाहीत. झोत जाड असेल तर तो दोन्ही पट्टे एकदम व्यापतो आणि हा फरक पुसट होतो. पट्टे हळूहळू सरकवत गॅमा किरणांचा चढउतार नोंदवला, की त्याच्या प्रमाणावरून झोताची उंची काढता येते. येथे मोजपट्टी प्रकाशाची असल्याने जळण्याचा प्रश्न उरत नाही आणि तिची बारकाई तरंगलांबीवरून नेमकी ठरलेली असते. १०६४ नॅनोमीटरचा लेझर वापरून स्लॅकमध्ये १९९४ साली सुमारे ७० नॅनोमीटर उंचीचा झोत मोजला गेला.

केंद्रीकरणाचा प्रश्न स्लॅकमध्ये हाताळला जात असताना त्सुकुबात त्याच्या आधीच्या टप्प्यावर काम सुरू होते. भिंगे कितीही चांगली असली, तरी मूळ झोत विस्कळीत असेल तर तो एका ठरावीक मर्यादेपलीकडे बारीक होत नाही. कणांच्या जागेतील पसरण आणि दिशेतील पसरण यांच्या गुणाकाराला ‘एमिटन्स’ म्हणतात, आणि चुंबकीय भिंगांनी तो कमी होत नाही. त्यासाठी ‘डॅम्पिंग रिंग’ नावाचे वर्तुळ लागते. एरवी अडचणीचे ठरणारे सिंक्रोट्रॉन प्रारण इथे उपयोगी पडते. फिरणारा इलेक्ट्रॉन प्रारण सोडताना आडव्या-उभ्या हालचालीचा वेगही गमावतो. रेडिओ लहरींच्या पोकळ्या त्याला गेलेली ऊर्जा परत देतात, पण ती फक्त पुढच्या दिशेने. लाखो फेऱ्यांत झोत हळूहळू शांत होतो.

ट्रिस्टन या टक्करयंत्राच्या जुळणीसाठी बांधलेल्या मोठ्या दालनात एटीएफ उभारले गेले. इलेक्ट्रॉनांना १.३ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेणारा रेषीय त्वरक आणि १३९ मीटरच्या आसपास परिघाची डॅम्पिंग रिंग हे त्याचे मुख्य भाग. रिंगमध्ये झोत फिरवण्यास १९९७ च्या आरंभी सुरुवात झाली. तिथे आढळले, की झोताची उंची वाढवणारे दोष मुख्यतः चुंबकांच्या मांडणीतून येतात. एखादा चुंबक काही मायक्रोमीटर वर सरकला किंवा किंचित तिरका बसला, तरी आडव्या दिशेतील पसरण उभ्या दिशेत झिरपते. हे दोष केवळ मोजणीच्या साधनांनी सापडत नाहीत. झोताचीच वाट किंचित बदलून तो चुंबकाच्या मध्यातून जातो का हे तपासावे लागते.

रिंगमधल्या झोताची उंची सहा-सात मायक्रोमीटरच्या घरात आणि त्याहूनही खाली येऊ लागली, तसे मापन अवघड झाले. झोताच्या दृश्य प्रकाशाचे साधे छायाचित्र घेतले तर विवर्तनामुळे प्रतिमा खऱ्या झोताहून जाड दिसते. केईकेतील तोशियुकी मित्सुहाशी यांनी यासाठी खगोलशास्त्रातले तंत्र आणले. मायकेलसन आणि पीस यांनी १९२० साली माउंट विल्सन वेधशाळेत काक्षी ताऱ्याचा व्यास मोजला होता. दूरदर्शकात ताऱ्याची चकती मोजण्याजोगी दिसत नव्हती, म्हणून त्यांनी दोन दूरच्या आरशांतून आलेल्या प्रकाशाचे व्यतिकरण पट्टे पाहिले. आरशांमधील अंतर वाढेल तसे पट्टे पुसट होत जातात आणि त्या पुसट होण्यावरून उगमाचा आकार कळतो. मित्सुहाशींनी आरशांच्या जागी दोन चिरा आणि ताऱ्याच्या जागी इलेक्ट्रॉन झोत ठेवला. शिंताके यांच्या उपकरणाशी याची तुलना करता तत्त्व तेच राहते, फक्त दिशा उलटते. एकात पट्टे झोताला मोजतात, दुसऱ्यात झोताच्या प्रकाशातून पट्टे उमटतात. दोन्ही ठिकाणी मोजायची असते ती पट्ट्यांची स्पष्टता.

याच्या जोडीला क्योटो विद्यापीठाच्या गटाने रिंगमध्ये ‘लेझर वायर’ बसवली. प्रकाशीय पोकळीत लेझर साठवून त्याचा काही मायक्रोमीटर जाडीचा आडवा पट्टा तयार केला आणि तो झोतावरून वर-खाली सरकवला. धातूच्या तारेचे काम इथे प्रकाश करत होता, म्हणून फिरत्या झोताला धक्का न लावता मापन झाले. या सर्व साधनांच्या आधारे झोत सुधारत गेला. कमी विद्युत्‌प्रवाहावर रिंगमधील उभा एमिटन्स सुमारे ४ पिकोमीटरपर्यंत उतरल्याचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. प्रवाह वाढवला की पुंजक्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळून झोत पुन्हा पसरतो, हेही याच मापनांतून आकड्यांत मांडता आले. हाच झोत रिंगबाहेर काढला की त्याची उंची अपेक्षेपेक्षा जास्त भरत असे. बाहेर काढताना झोत काही चुंबकांच्या मध्यापासून दूर जातो आणि कडेचे अनियमित क्षेत्र त्याला बिघडवते, असे पुढे स्पष्ट झाले.

इतका शांत झोत हाती असल्याने एटीएफ हे नव्या मापनतंत्रांच्या चाचणीचेही केंद्र बनले. धातूच्या पत्र्याच्या बारीक फटीतून झोत न स्पर्शता गेला, तरी त्याच्या क्षेत्रामुळे फटीच्या कडा प्रकाश सोडतात. या विवर्तन प्रारणावरून झोताची उंची काढण्याचा प्रयोग तिथे झाला. लेझर आणि झोत यांच्या टकरीतून ध्रुवित गॅमा किरण आणि त्यांपासून ध्रुवित पॉझिट्रॉन मिळवण्याचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. झोताची जागा सांगणाऱ्या पोकळ्यांवरही मोठे काम झाले. झोत पोकळीच्या मध्यापासून सरकला की तीत विशिष्ट वारंवारतेची लहर जागते आणि तिचा जोर सरकण्याच्या प्रमाणात असतो. या तत्त्वावर केलेल्या उपकरणाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ८.७ नॅनोमीटरचे विभेदन गाठले.

२००४ साली आंतरराष्ट्रीय रेषीय टक्करयंत्रासाठी अतिवाहक तंत्रज्ञान निवडले गेले. त्याचे काम जगभरातील गट वाटून घेऊ लागले, तेव्हा एटीएफचे रूपांतरही आंतरराष्ट्रीय सहकार्यात झाले. दुसरीकडे केंद्रीकरणाची कल्पना बदलली होती. वेगवेगळ्या ऊर्जेचे कण भिंगातून वेगवेगळ्या ठिकाणी केंद्रित होतात. हा दोष आधी लांबलचक मार्गिकेत वेगळा सुधारत. २००१ साली पांतालेओ रायमोंडी आणि आंद्रेई सेरी यांनी शेवटच्या भिंगांजवळच षट्ध्रुवी चुंबक बसवून तो जागीच सुधारण्याची रचना मांडली. तिच्यामुळे मार्गिका बरीच आखूड होणार होती, पण जुळणी अधिक नाजूक होती. ही रचना तपासण्यासाठी एटीएफच्या पुढे ‘एटीएफ२’ नावाची मार्गिका जोडण्यात आली. चतुर्ध्रुवी चुंबक बीजिंगमध्ये बनले, जागादर्शक पोकळ्या दक्षिण कोरियात, आणि अंतिम भिंगे स्लॅकमधून आली. उद्दिष्टे दोन होती. टक्करबिंदूशी तुल्य जागी झोताची उंची ३७ नॅनोमीटर करणे हे पहिले आणि तो जागच्या जागी काही नॅनोमीटरमध्ये स्थिर ठेवणे हे दुसरे. ऊर्जा वाढली की झोत आपोआप बारीक होतो, म्हणून १.३ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टवरचे ३७ नॅनोमीटर हे मोठ्या यंत्रातील काही नॅनोमीटरइतकेच अवघड असतात.

२००८ च्या अखेरीस मार्गिकेत पहिला झोत गेला. अंतिम बिंदूवर टोकियो विद्यापीठाच्या गटाने शिंताके यांचे उपकरण नव्याने उभारले. लेझरची तरंगलांबी निम्मी, म्हणजे ५३२ नॅनोमीटर केली. लेझरचे दोन भाग ज्या कोनात एकमेकांना छेदतात, त्यावर पट्ट्यांतले अंतर ठरते. २ ते ८ अंशांत ते काही मायक्रोमीटर असते, ३० अंशांत सुमारे एक मायक्रोमीटर, तर १७४ अंशांत २६६ नॅनोमीटर. झोत जाड असताना बारीक पट्टे काहीच सांगत नाहीत आणि झोत बारीक झाल्यावर जाड पट्टे निरुपयोगी ठरतात. म्हणून प्रत्येक टप्प्यावर कोन बदलून पुढची सुधारणा करावी लागे.

मे २०१० मध्ये झोत सुमारे ३०० नॅनोमीटरपर्यंत आला. ११ मार्च २०११ च्या तोहोकू भूकंपाने त्वरकाची मांडणी विस्कळीत केली आणि बराच काळ दुरुस्ती व फेरजुळणीत गेला. त्यानंतर २०१२ च्या अखेरीस १७४ अंशांच्या कोनातून वाचन मिळू लागले. २०१३ मध्ये सुमारे ६५, २०१४ मध्ये सुमारे ४४ आणि २०१६ पर्यंत सुमारे ४१ नॅनोमीटर अशी प्रगती झाली. रायमोंडी-सेरी रचना प्रत्यक्षात चालते, हे यातून सिद्ध झाले.

हे यश कमी प्रभाराच्या झोतावर मिळाले होते. पुंजक्यातील इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवली की उंचीही वाढत असे. पुंजका एखाद्या पोकळीजवळून किंवा नळीच्या जोडाजवळून जातो, तेव्हा मागे विद्युत्‌चुंबकीय लहर सोडतो आणि पुंजक्याचा पुढचा भाग मागच्या भागाला ढकलतो. या लहरींच्या उगमांत झोताची जागा मोजणाऱ्या पोकळ्यांचाही वाटा होता. मापनाची साधने झोताला बिघडवत होती, म्हणून काही साधने काढली गेली आणि काहींची जागा बदलली. एटीएफच्या ऊर्जेवर हा परिणाम ठळक दिसतो; मोठ्या यंत्रात ऊर्जा जास्त असल्याने तो त्या मानाने सौम्य राहील.

दुसऱ्या उद्दिष्टासाठी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या गटाने जलद प्रतिपोषणाची पद्धत वापरली. पहिल्या पुंजक्याची जागा मोजून, काही शे नॅनोसेकंदांच्या आत दुसऱ्या पुंजक्याला दुरुस्तीचा धक्का दिला जातो. या पद्धतीने झोताची थरथर सुमारे ४१ नॅनोमीटरपर्यंत उतरल्याचा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. काही नॅनोमीटरचे लक्ष्य त्यात गाठले गेले नाही. पण २३२ नॅनोसेकंदांचा प्रतिसादकाळ साधला. मोठ्या टक्करयंत्रातील दोन पुंजक्यांमधल्या अंतरासाठी तो पुरेसा आहे.