इंग्रजी चौथीचा सत्कार

जुन्या मुंबई इलाख्यात चार मराठी इयत्ता झाल्या की मुलगा इंग्रजी पहिलीत बसे. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. त्या हिशेबाने इंग्रजी चौथी म्हणजे आताची आठवीच की! एवढ्यासाठी कुणी सभा भरवील का? पण मुंबईत एकदा ती भरली. अस्पृश्य मानलेल्या समाजातला तिथवर पोचलेला पहिलाच मुलगा म्हणून आपल्या माणसांना त्याचं कौतुक करायचं होतं.

मुलगा भीमराव आंबेडकर. वडील सुभेदार रामजी, लष्करी शाळेत मास्तरकी केलेले. पोराचं इंग्रजी त्यांनी घरीच पक्कं करून घेतलं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला त्याच्याकडून घोकून घेतल्या. पुस्तकांना पैसे कमी पडले तर लग्न झालेल्या लेकींच्या दारी जात. त्यांच्यापाशी रोकड नसली तर दागिना गहाण पडे.

आणि याच वडिलांनी सत्काराला साफ नकार दिला! परीक्षाच तर पास झालाय, उगाच पोरगं शेफारेल, असं त्यांचं म्हणणं. गुरुजी, असे पालक तुम्हीही पाहिले असतील. मंडळी हिरमुसली, पण हटली नाहीत. त्यांनी रामजींचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांना मध्ये घातलं. सभा झाली, अध्यक्ष केळुसकरच. त्यांनी आपलं १८९८ सालचं बुद्धचरित्र मुलाला भेट दिलं.

हे खुद्द बाबासाहेबांनी १९५६ साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितलं आहे. चरित्रकार धनंजय कीर मात्र हा सत्कार १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा मानतात. मला बाबासाहेबांचा शब्द अधिक वजनाचा वाटतो. एवढ्याशा इयत्तेचं आपल्या लोकांना केवढं अप्रूप, हे ते मुद्दाम लिहून ठेवतात.

मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण पडले. त्या काळी विद्यापीठात मान होता तो संस्कृतच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचा. पण भीमरावांना शाळेत संस्कृत शिकूच दिलं नव्हतं. नाइलाजानं फारसी घ्यावी लागली. मग त्या मानाच्या शर्यतीत ते उतरणार कसे?

पुढे इंटर झाल्यावर पैशांची अडचण आली. तेव्हा केळुसकरच त्यांना घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली.