मेमरी कार्डाचा वेग (ध्वनिमुद्रणातील)

सुवाह्य रेकॉर्डरमध्ये आवाजाची अंकीय नोंद ज्या फ्लॅश कार्डावर होते, त्या कार्डाची लेखनक्षमता. कार्डांची तुलना करताना वेष्टनावरील ठळक आकडा प्रमाण मानण्याची वहिवाट पडली आहे. परंतु तो आकडा बहुधा वाचनाचा, आणि तोही सर्व परिस्थिती अनुकूल असतानाचा असल्यामुळे, ध्वनिमुद्रणाच्या कामी त्याचा दाखला व्यर्थ होय. जुन्या कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डांवरील 'एक्स' हे सीडी-रॉमवरून आलेले, सेकंदाला १५० किलोबाइटांचे परिमाण. एसडी कार्डावरील वर्गांक मात्र किमान सलग लेखनाची हमी देतो : वर्तुळातील ४ म्हणजे सेकंदाला ४ मेगाबाइट, १० म्हणजे १०, आणि व्ही-३० म्हणजे ३०.

ध्वनीची मागणी त्या मानाने अल्पच आहे. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा आणि वाहिन्या दोन, असा हिशेब केल्यास सेकंदाला अवघे २८८ किलोबाइट लागतात. सर्वांत खालच्या २ क्रमांकाच्या वर्गाचे कार्डही याच्या जवळजवळ सातपट हमी देते. ९६,००० नमुन्यांनी आठ ट्रॅक घेतले, तरी गरज २.३ मेगाबाइटांच्या आसपासच राहते.

असे असूनही मुद्रण मध्येच तुटते, याचे कारण फ्लॅश स्मृतीच्या घडणीत आहे. तीत लेखन लहान पानांवर होते, पण पुसणे मात्र अनेक पानांच्या मोठ्या खंडानेच शक्य असल्यामुळे, कोरे खंड संपत आले म्हणजे कार्डातील नियंत्रक जुना मजकूर अन्यत्र हलवून, खंड पुसून, मगच नवा मजकूर स्वीकारतो. आणि तेवढा वेळ कार्ड स्तब्ध असले, तरी ध्वनी थांबत नाही. वरील आठ ट्रॅकांच्या मुद्रणात अर्ध्या सेकंदाचा खोळंबा झाला, तर सुमारे १.१५ मेगाबाइट मजकूर रेकॉर्डरच्या बफरला सांभाळावा लागतो, आणि बफर तोकडा असल्यास तेवढी तान कायमची जाते. मैफलीत ती पुन्हा मागून मिळत नाही. सरासरी वेगात हा खोळंबा दिसतच नाही. म्हणून तुलना करावयाची ती प्रदीर्घतम खोळंब्याची.

प्रत्येक ट्रॅकची स्वतंत्र फाइल लिहिणाऱ्या यंत्रात लेखन विखुरले जाऊन हा ताण वाढतो. त्यासाठी मुद्रणापूर्वी कार्ड, जुन्या फायलींची नक्कल सुरक्षित ठेवून, त्याच रेकॉर्डरमध्ये फॉरमॅट करण्याची तजवीज असावी. आणि नव्या कार्डाची परीक्षा संगणकावर नव्हे, तर त्या रेकॉर्डरवर, कमाल ट्रॅक चालू ठेवून, कार्ड काठोकाठ भरेपर्यंत घ्यावी. छापील क्षमतेहून कमी साठवण असलेली बनावट कार्डेही याच परीक्षेत उघडी पडतात.