कॅसिनो ते सेनिओ, गाईडशिवाय

11 मे 1944. रात्रीचे पावणेअकरा. इटलीत कॅसिनो गावाच्या दक्षिणेला, सांतांजेलोजवळ, गारी नदीच्या काठी तुम्ही ओल्या गवतात पालथे पडला आहात. पात्र काही मोठं नाही, पण पाण्याला ओढ जबर. पलीकडे जर्मनांच्या मशीनगना. उजव्या हाताला डोंगरमाथ्यावर बेनेडिक्टाइन मठाचे अवशेष. 15 फेब्रुवारीला दोस्तराष्ट्रांच्याच विमानांनी तो जमीनदोस्त केला. अकरा वाजतात आणि मागच्या तोफा एकदम सुटतात. आठव्या भारतीय डिव्हिजनचे जवान होड्या पाण्यात लोटतात. धूर आणि धुकं यांत समोरचा काठ दिसेनासा होतो. 12 तारखेला पंजाब रेजिमेंटचा 19 वर्षांचा शिपाई कमल राम एकट्याने मशीनगनचे मोर्चे बंद पाडतो आणि व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी होतो.

आज रोमहून कॅसिनोला साधी लोकल गाडी येते. गाईड नाही म्हणून बिचकू नका. मुलांना नदीकाठी न्या आणि एवढंच विचारा, वर कोण होतं आणि खाली कोण? मठाकडे मान वर करून पाहिलं की जानेवारी ते मे अशा चार लढाया इथे का झाल्या, ते त्यांना नकाशाशिवाय कळतं. मठ पुन्हा उभा राहिला आहे. तिथे खांदे-गुडघे झाकणारे कपडे लागतात, आणि प्रार्थनेच्या वेळा आधी पाहून ठेवलेल्या बऱ्या.

मठाच्या पायथ्याशी कॉमनवेल्थची युद्ध-दफनभूमी आहे. आत स्मारकाच्या हिरव्या संगमरवरी शिळांवर चार हजारांहून अधिक नावं आहेत. ज्यांची कबर ठाऊक नाही, त्यांची ही नावं. त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्री शोधा आणि तिथे नाईक यशवंत घाडगे यांच्या नावावर बोट ठेवा. रायगडातल्या माणगाव तालुक्याचा हा 22 वर्षांचा तरुण. इथून पुढे सहलीचा रस्ता तोच ठरवेल.

10 जुलै 1944. आता तुम्ही उंब्रियात, माँतोनेच्या चढावर आहात. खाली टायबरचं खोरं. हीच नदी पुढे रोममधून वाहते. माथ्यावर तटबंदीचं गाव, अंगावर भर जुलैचं ऊन. हाकेच्या अंतरावरून मशीनगन सुरू होते. क्षणात अख्खा सेक्शन जायबंदी किंवा ठार. उभे फक्त सेक्शन कमांडर घाडगे. सोबत यायला कुणी उरलेलं नाही, हे त्यांना ठाऊक आहे. ते धावत सुटतात. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा, दोघंही निकामी. आणखी एकाला ते गोळी घालतात. मॅगझिन बदलायला वेळ नाही. बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ते दस्त्याने लोळवतात. मोर्चा ताब्यात येतो आणि दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत, पाठीत शिरतात. जिंकलेल्या जागीच ते कोसळतात.

माँतोनेने 2023 साली त्यांच्या नावाने एक सूर्यघटिका उभारली आहे. इथे यायला गाडी भाड्याने घ्यावी लागेल, म्हणून आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. जुन्या गावांच्या आतल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पाटी पाहून गाडी बाहेरच लावा आणि चढ पायी चढा. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी गावातच मुक्काम ठेवा. दुपारी दुकानं बंद होतात, तेव्हा पोटपूजा आधीच उरका.

पुढचा टप्पा उत्तरेला, फोर्लीला. युद्धात पडलेल्या हिंदू आणि शीख जवानांचं दहन झालं. कबरी नसल्याने त्यांच्यासाठी इथे दहन-स्मारक आहे; त्यावर 769 जणांची नोंद आहे. मुलांना इथे घाई करू नका.

9 एप्रिल 1945. सेनिओ नदी, दोन्ही बाजूंना उंच बांध, मध्ये खोल पाणी, बांधावर सुरुंग. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव भर गोळीबारात दोन जखमींना पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणतात. मग परत फिरतात आणि मशीनगनचे तीन मोर्चे संपवतात. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या तुकड्यांना हात करतात. तुम्हीही त्या गर्जनेमागून पाण्यात उतरता. जाधव जगले, घरी परतले. शेजारच्या अल्फोन्सिने गावात या लढाईचं संग्रहालय आहे.

मे 1944 पासून एप्रिल 1945 पर्यंत तारखांच्या क्रमाने गेलात, तर युद्ध जसं दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकलं, तसेच तुम्हीही सरकता. अंतरं वाचवायला क्रम मोडलात, तर हाती फक्त स्मारकांची यादी उरते. फिरायला मे किंवा सप्टेंबर निवडा. जुलैचं ऊन मुलांना सोसवत नाही.

आणि एक करा. निघण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर आपल्या आडनावाचा, आपल्या गावचा कुणी जवान सापडतो का, ते घरातल्या सगळ्यांनी मिळून शोधा. सापडला, तर त्याची तारीख वहीत लिहून घ्या आणि सहल तिथूनच आखायला घ्या.