दूरचित्रवाणीचा प्रेक्षक आणि त्याचा हक्क

सायंकाळी देवापुढे दिवा लागला, की घरातील मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसतात. त्या बैठकीत त्यांच्या पदरी काय पडते, याविषयीची तक्रार आज घरोघर ऐकू येते. कथा दोन पावले सरकते न सरकते तोच जाहिराती सुरू होतात. त्यांचा आवाज कथेपेक्षा चढा असतो. पडद्याच्या तळाशी पट्ट्या धावत असतात. वृत्तवाहिनीवर आठ जण एकदम बोलतात आणि एकाचेही धड ऐकू येत नाही. मालिका एकदा सुरू झाली की संपण्याचे नाव घेत नाही. ही वृद्धांची नेहमीची कुरकुर म्हणून सोडून देण्याची रीत आहे. आम्हांस ती मान्य नाही. या तक्रारीला इतिहास आहे, आणि तिच्यातील बहुतेक मुद्द्यांना कायद्याचा आधारही आहे.

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. हे साधन शेतकऱ्यास व विद्यार्थ्यास शिकविण्यासाठी आहे, अशी त्या काळच्या कर्त्या पुरुषांची श्रद्धा होती. विक्रम साराभाईंच्या कल्पनेतून १९७५-७६ साली उपग्रहाच्या द्वारे एक मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत सार्वजनिक संच बसविण्यात आले आणि त्यांवरून शेती, आरोग्य व शिक्षण यांचे कार्यक्रम वर्षभर दाखविण्यात आले. मूळचे कोल्हापूरचे असलेले शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस यांचा या कार्यात मोठा वाटा होता, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे.

त्याच सुमारास बडोद्याच्या शेजारच्या खेडा जिल्ह्यात पीज या गावी एक लहान प्रक्षेपक उभा राहिला. तेथील कार्यक्रमांत जाहिरात नव्हती. शेतमजुरीचे दर, अस्पृश्यता, दारू असे गावातलेच प्रश्न गावकऱ्यांच्या बोलीत मांडले जात, आणि पुष्कळदा गावकरीच त्यांत भाग घेत. या कार्यास १९८४ साली युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी पीजचा प्रक्षेपक तेथून काढून मद्रासेस दुसरी वाहिनी सुरू करण्यासाठी नेण्यात आला. खेड्यापाशी असलेले एकुलते एक साधन काढून महानगरास दुसरे देण्यात आले! पुढील चाळीस वर्षांची दिशा या एका घटनेत दिसून येते, असे आम्हांस वाटते.

जाहिरातींचा प्रवेश तत्पूर्वीच, १ जानेवारी १९७६ रोजी, झाला होता. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले. १९८४ साली ‘हम लोग’ ही प्रायोजित मालिका सुरू झाली, आणि करमणुकीच्या पाठीवर बसून माल घरोघर पोहोचतो हे व्यापाऱ्यांच्या ध्यानी आले. २५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांचे ‘रामायण’ आले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. कित्येक ठिकाणी लोक संचाला हार घालीत. ती भक्ती खरी होती. परंतु जाहिरातदारांचीही तेथे रांग लागली होती, आणि ५२ भागांची योजलेली ती मालिका ७८ भागांपर्यंत वाढली. तरीही तिला शेवट होता. पुढे मराठीतच ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचे ३,००० हून अधिक भाग झाले. चार दिवसांची अकरा वर्षे झाली!

१९९१-९२ पासून उपग्रहवाहिन्या आल्या. न्यायबुद्धीने बोलावयाचे तर त्यांनी सरकारी मक्तेदारी मोडली हा लाभच होय. एकच आवाज ऐकविणारी व्यवस्था काही सुवर्णयुग नव्हती. १९९९-२००० पासून इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी घरांत मराठी वाहिन्या थेट येऊ लागल्या, हे या दूरस्थ समाजास मोठेच सुख होते. मात्र या नव्या व्यवस्थेत निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांवरून प्रेक्षकसंख्या मोजली जाते, आणि त्या आकड्यावर जाहिरातीचा दर ठरतो. म्हणजे वाहिनीचे खरे गिऱ्हाईक जाहिरातदार. प्रेक्षक हा त्यास विकावयाचा माल. या तराजूत कोंकणीसारख्या लहान भाषासमाजाचे वजन कितीसे भरणार?

आता कायद्याकडे वळू. १९९३ च्या हीरो चषक क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन व बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आदी न्यायाधीशांनी ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे घोषित केले. ती सरकारच्या मालकीची नव्हे, तशीच धनिकांच्या मालकीचीही नव्हे. तिचे नियमन करण्यासाठी स्वायत्त संस्था स्थापन करावी, असा आदेशही त्यांनी दिला. त्यासाठी १९९७ साली आणलेले विधेयक लोकसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले.

तथापि केबल दूरचित्रवाणीविषयक १९९४ चे नियम अस्तित्वात आहेत. त्यांतील सातवा नियम प्रत्येक प्रेक्षकाने वाचण्यासारखा आहे. जाहिरातीचे चित्र व ध्वनी अवाजवी भडक असू नयेत. जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी असावी. पडद्याच्या खालच्या भागात मजकूर चालवून तिने कार्यक्रमात व्यत्यय आणू नये. आणि तासाला १२ मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती असू नयेत, त्यांपैकी २ मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या जाहिरातीची. आरंभी सांगितलेल्या तक्रारींपैकी किती येथे शब्दशः आल्या आहेत, ते वाचकांनीच पाहावे.

मग अंमल का नाही? १२ मिनिटांच्या मर्यादेचे पालन व्हावे म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१३ साली पाऊल उचलले, तेव्हा वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. वर्गणीचे उत्पन्न अपुरे असल्याने जाहिरातीवाचून निभाव लागत नाही, हे वाहिन्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु त्या वादात सरकारी यंत्रणा होती, वाहिन्या होत्या. ज्याचा वेळ खर्ची पडत होता तो प्रेक्षक मात्र बहुतांशी गैरहजर होता. जो पक्षकार हजरच राहत नाही, त्याच्या बाजूने निकाल कसा लागावा?

आमच्या देवळांच्या सभामंडपांत याहून वेगळी रीत होती. बुवांनी आख्यान नको तितके लांबविले, तर श्रोते चुळबूळ करीत आणि बुवा ते आवरते घेत. दशावतारी खेळ रात्रभर चाले, पण पहाटे दहीकाला होऊन लोक घरी जात. वक्ता श्रोत्यास पाहू शके, हाच श्रोत्याचा हक्क होता. दूरचित्रवाणीस आपण दिसत नाही. म्हणून लेखी बोलले पाहिजे. १७ जून २०२१ रोजी झालेल्या दुरुस्तीनुसार प्रत्येक वाहिनीने तक्रार निवारण अधिकारी नेमणे व तक्रारीचा निर्णय १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. त्याने समाधान न झाल्यास वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे, आणि तेथून पुढे सरकारकडे जाता येते. वाहिनीचे नाव, दिनांक, वेळ आणि जाहिरातींची मोजलेली मिनिटे एवढा मजकूर त्यास पुरे. संच बंद करणे हा एक उपाय आहेच. पण जी मालमत्ता न्यायालयाने आपली म्हटली, तिच्यावरचा हक्क न सांगताच उठून जाणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.