एक गोळी, दोन कामं

दिवाळीत नंदुरबारला घरी गेलो, तर आईच्या डब्यात दुखण्याच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा. कंबर दुखते म्हणून रोज एक, तीही उपाशीपोटी. मग छातीत जळजळ, मग त्यावर ॲसिडिटीची गोळी. चिठ्ठी कुणी मागितलीच नव्हती.

ही तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे. सॅलिसिलिक ॲसिडने दुखणं थांबायचं, पण पोट बिघडायचं. १८९७ साली बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी ॲस्पिरिन तयार केली. ती पोटाला सोसेल अशी आशा होती. त्रास काही गेला नाही.

का, ते कळायला १९७१ उजाडलं. जॉन वेन यांनी दाखवलं, की ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत. सूज आणि वेदना त्यानेच वाढतात. पण जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही तेच सांभाळतं. म्हणजे एकच फंक्शन दोन ठिकाणी वापरलेलं. बंद केलं की दोन्हीकडे बंद! वेन यांना १९८२ मध्ये नोबेल मिळालं.

आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांना वेदना अचानक उठतात, आणि मूत्रपिंडावर आजाराचा ताण असतोच. त्यांनी अशी गोळी मनानेच घेणं अधिक धोक्याचं.

आईला मी डॉक्टरांकडे नेलं. तिने विचारलं, "एवढीशी गोळी, तिला काय विचारायचं?"

म्हणून हा भाग. शौचाला काळं होत असेल, तर थांबू नका. लगेच दवाखाना गाठा.