‘कुटुंब’ या शब्दाची हद्द

लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाचे महाराष्ट्राविषयीचे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. 1987 चा निबंध हिजडा समाजाच्या वंशपरंपरागत हक्कांविषयी आहे, तर 1989 चा ग्रंथ चिंचवडच्या देव घराण्याविषयी. विषय भिन्न असले तरी दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच : राज्यसंस्था कोणत्या परंपरेला वंश मानते?

मराठा राज्यात हिजड्यांकडे इनाम जमिनी, रोख नेमणुका आणि गावोगाव भिक्षा मागण्याचा हक्क असे, व तो गुरूकडून चेल्याकडे जाई. यास औदार्य म्हणण्याची घाई करू नये. वतनव्यवस्थेच्या हिशेबातलीच ती एक नोंद होती. मात्र रक्तसंबंधावाचूनच्या सातत्याला त्या हिशेबात जागा होती, हे महत्त्वाचे. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने ती जागा पुसली. चेल्याला वारस मानून हक्क पुढे चालवण्यास नकार दिला. त्याच शतकाच्या आरंभी चिंचवडची मूळ पुरुषपरंपरा खुंटली, तेव्हा इनामे बुडू नयेत म्हणून एका दूरच्या नातलगास गादीवर बसवले गेले, असे 1885 चे पुणे गॅझेटिअर सांगते. संस्थान इंग्रजी अमलातही टिकले. रक्ताचा धागा कितीही बारीक असला तरी चालत होता. तो असणे मात्र अनिवार्य झाले.

गुरू-चेला नाते न्यायालयांना अगदीच अपरिचित राहिले असे नाही. 1990 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने मृत चेल्याच्या मालमत्तेवरील गुरूचा हक्क रूढीच्या आधारे मान्य केला. (या नात्यातील सत्ता आणि आर्थिक बंधने झाकून त्याचा गौरव करणेही अप्रामाणिकपणाचे ठरेल.) 2014 च्या नालसा निकालाने तृतीयपंथी व्यक्तीचा स्व-ओळखीचा अधिकार मान्य केला. 2019 च्या कायद्याने ओळख-प्रमाणपत्राचे काम जिल्हादंडाधिकाऱ्याकडे सोपवले. त्या कायद्याची संहिता मात्र बारकाईने वाचावयास हवी. रक्त, विवाह किंवा कायदेशीर दत्तकविधान यांनी जोडलेला समूह म्हणजे कुटुंब, अशी व्याख्या तीत आली. व्यक्ती स्वीकारली गेली. तिने जोडलेला गोतावळा व्याख्येबाहेर राहिला. पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2022 मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून काम दिले, तेही अर्थातच व्यक्ती म्हणून.

पूर्वी राजवट बदलली की नात्याचा अर्थ बदले. आता विमानप्रवासानेही तो बदलतो. जर्मनीत 1 ऑक्टोबर 2017 पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहेत, आणि चाकणच्या पट्ट्यात जर्मन मोटारकंपन्यांचे कारखाने आहेत. 17 ऑक्टोबर 2023 च्या सुप्रियो निकालात सर्वोच्च न्यायालयाने भिन्नलिंगी नात्यातील तृतीयपंथी व्यक्तींचा विवाहाधिकार मान्य केला. समलिंगी विवाहाला मात्र विशेष विवाह कायद्यात किंवा 1969 च्या परदेशी विवाह कायद्यात स्थान देण्यास नकार दिला. म्हणून तिकडे विवाहबद्ध झालेले असे दोघे चाकणला नोकरीनिमित्त आले, तर त्यांचे विवाहपत्र खरेच असते. फक्त येथील कायद्याला ते वाचता येत नाही.